झोपेचा पास

माझी बदली घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या ऑफिसात झाली, तेव्हा आमच्या बिल्डिंगने माझं असं काही अभिनंदन केलं की कुणालाही वाटावं, मी डोंगरबिंगर चढून आलोय. "सुटलात," तळमजल्यावरचे मास्तर म्हणाले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले आहेत, पण बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचं प्रगतिपुस्तक अजून त्यांच्या डोक्यात असतं. "जाण्यायेण्याचा वेळ वाचला. आता एखादी परभाषा शिका. निदान व्यायाम तरी करा." मी मान डोलावली. मध्यमवर्गीय माणूस एक वेळ बढती नाकारेल, पण जवळची बदली नाकारू शकत नाही. लोक वेड्यात काढतात.

खरी गोष्ट अशी होती की मला झोप फक्त बसमध्ये लागायची.

म्हणजे घरीही मी झोपायचो, नाही असं नाही. गादी होती, उशी होती, पंखा होता, बायको वेळेवर दिवा मालवायची. पण ते नुसतं आडवं होणं. खरी झोप, जिला साखरझोप म्हणतात ती, मला शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जाणाऱ्या बसमध्ये, डाव्या बाजूच्या खिडकीशी लागायची. डेपोतून बस निघाली की पहिल्या वळणाला डोळे जड व्हायचे आणि दुसऱ्या वळणाला पायाखाली वाळू यायची. वर्षानुवर्षं मला एकच स्वप्न पडत आलंय. मी चपला हातात घेऊन समुद्राच्या कडेकडेने चाललोय, कुठे जायचंय ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही याचं काही वाटतही नाही. गतिरोधक आला की लाट यायची. सिग्नलला बस थांबली की ओहोटी लागायची. कुणाचा मोबाइल वाजला तर लांब कुठेतरी पक्षी ओरडायचा. स्वप्न अर्धं राहिलं तर संध्याकाळच्या परतीच्या बसमध्ये ते बरोबर तिथूनच पुढे सुरू व्हायचं. एवढी शिस्त मी आमच्या खात्यातसुद्धा पाहिलेली नाही.

आमचं खातं पाणीपुरवठ्याचं. मी तक्रार विभागात बसतो. पाणी येत नाही, पाणी कमी येतं, पाणी गढूळ येतं, पाणी शेजाऱ्याकडे जास्त येतं, अशा तक्रारी दिवसभर ऐकणं हे माझं काम. हे काम डोकं शांत असलेल्या माणसाचं आहे, आणि माझं डोकं शांत होतं ते त्या समुद्रामुळे.

बदली झाली आणि समुद्र आटला.

घरून निघायचं, कोपऱ्यावर वळायचं, की ऑफिस. एवढ्या अंतरात जांभईसुद्धा पुरी होत नाही. पहिल्या आठवड्यात मी घरी झोपायचा मनापासून प्रयत्न केला. या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायचो. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा असं आपल्याकडे म्हणतात, म्हणजे खरी झोप आली की माणूस दगडावरही झोपतो. मला कापसाची गादी टोचत होती. डोळ्याला डोळा लागेना. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली आणि चेहऱ्यावर असा काही भाव आला की तक्रार घेऊन आलेले लोकच मला विचारू लागले, "साहेब, तुमच्याकडे पण पाणी नाही का?"

झोप न येणाऱ्या माणसाला कुणी झोपू देत नाही, सल्ले देतात. कुणी म्हणालं कोमट पाण्यात पाय बुडवा, कुणी म्हणालं डोक्याची दिशा बदला. मी दिशा बदलली, तर पंख्याचा वारा फक्त पायांना लागू लागला. मास्तरांनी स्वतः शिकवलेलं नागरिकशास्त्राचं पुस्तक आणून दिलं. "हे वाचून माझे वर्गच्या वर्ग झोपलेत," असं ते अभिमानाने म्हणाले, आणि नमुना म्हणून एक पान मोठ्याने वाचायला बसले. नगरपालिकेच्या कर्तव्यांपर्यंत येता येता त्यांची मान खाली गेली. त्यांना उठवून जिन्यावरून खाली पोचवायचं काम मला करावं लागलं.

शेवटी बायकोनेच कारण शोधून काढलं. "अहो, तुम्हाला हलायची सवय आहे," ती म्हणाली. "तुम्हाला स्थिर झोप यायची नाही." पाळण्याचा विषय निघाला, पण माझं वय आणि वजन पेलेल असा पाळणा कुठे मिळणार. मग एका रविवारी दुपारी मला कपडे धुण्याच्या मशीनला टेकून डुलकी लागली. मशीन घरघरत होतं, पाठीला बारीक हादरे बसत होते, पायाखाली नुकती कुठे वाळू यायला लागली होती. कपडे झाले, मशीन थांबलं, मी जागा झालो. बायकोने बिचारीने धुतलेलेच कपडे पुन्हा आत टाकले. असं संध्याकाळपर्यंत चाललं. माझा एक चांगला शर्ट त्या दिवशी पार विटून गेला, आणि मशीन हादरून हादरून चालत चालत भिंतीला जाऊन आपटलं. त्या भिंतीपलीकडे राहणारे आमचे सोसायटीचे सेक्रेटरी येऊन दारात उभे राहिले. "तुमच्याकडे कपडे तरी किती आहेत?" एवढंच त्यांनी विचारलं. माझ्या वतीने बायकोने कसलंतरी उत्तर दिलं.

मग ते व्हॉल्व्हचं प्रकरण झालं. शेजारच्या गल्लीत पाइप फुटला होता. दुरुस्तीसाठी त्या गल्लीचं पाणी बंद करायचा आदेश मी फोनवरून द्यायचा होता. मी दिलाही. पण उघड्या डोळ्यांनी पेंगत होतो, त्यामुळे तोंडातून गल्ली निघाली ती आमची. मी स्वतःच्या हाताने, म्हणजे स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या घराचं पाणी तोडलं. तिकडे फुटलेल्या पाइपातून कारंजं उडत राहिलं आणि इकडे आमच्या अख्ख्या बिल्डिंगचे नळ कोरडे. मास्तर अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत, एका गालाला साबण तसाच ठेवून, ऑफिसात माझ्या टेबलासमोर आले. मला ओळखल्यावर त्यांच्या उघड्या गालावर जे दुःख उमटलं ते मी जन्मात विसरणार नाही. मग त्यांनी माझ्याविरुद्ध रीतसर तक्रार केली. ती मलाच लिहून घ्यावी लागली.

आमच्या साहेबांनी आत बोलावलं. साहेब सभ्य आहेत, आवाज चढवत नाहीत. "महिनाअखेरच्या बुधवारी मोठे साहेब चौकशीला येतायत," ते म्हणाले. "ऑफिस उघडताना तुम्ही जागेवर हवेत. जागेवर, आणि जागे. नाहीतर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही." इतकी वर्षं मी नाकासमोर चालत आलो. कधी माझ्या नावावर काळा डाग नव्हता. आता नोकरीवर गदा आली होती, आणि तीही झोप न आल्यामुळे. सरकारी माणूस झोपल्यामुळे अडचणीत आल्याचं ऐकलंय, पण जागा राहून बदनाम झालेला मी बहुधा पहिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर घराबाहेर पडलो तो डोकं सुन्न होऊन, आणि पाय आपोआप डेपोकडे वळले. जुनी बस उभी होती. मी चढलो, डाव्या खिडकीशी बसलो. दुसऱ्या वळणाला वाळू लागली, आणि इतक्या दिवसांनी भेटलेला तो समुद्र पाहून स्वप्नात माझे डोळे भरून आले. शेवटच्या स्टॉपवर जागा झालो, त्याच बसने परत आलो, परतीतही झोपलो, आणि ऑफिस उघडायच्या आत डेपोत उतरून समोरच्या आमच्या ऑफिसात हजर झालो. त्या दिवशी मी एका बाईंची गढूळ पाण्याची तक्रार इतक्या गोड आवाजात ऐकून घेतली की त्यांनी ती मागे घेतली.

रोज तिकीट काढण्यापेक्षा पास बरा, म्हणून मी पासाच्या खिडकीशी गेलो. आत एक तरतरीत तरुण बसला होता.

"कुठून कुठे?"

"इथून शेवटच्या स्टॉपपर्यंत. आणि परत इथे."

"तिथे नोकरी आहे?"

"नोकरी इथे आहे. ती समोरची इमारत."

"मग घर तिथे?"

"घरही इथेच. मागच्या गल्लीत."

त्याने पेन खाली ठेवलं. "काका, घर इथे, नोकरी इथे. मग तुम्हाला जायचंय कुठे?"

या प्रश्नावर मोठमोठे विचारवंत हिमालयात जाऊन बसलेत. मला तो पासाच्या खिडकीत, मागे रांग खोळंबलेली असताना विचारण्यात आला. "कुठेच नाही," मी म्हणालो. "मला झोपायचंय." रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. तरुणाने विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, अपंग असे सगळे प्रकार मनात घोळवले. झोपाळू हा प्रकार त्यांच्या नियमात नव्हता. तो आत जाऊन वरिष्ठांना विचारून आला आणि शेवटी मला किरकोळ प्रवासी या सदरात घालण्यात आलं. अभिमान दुखावला, पण पास मिळाला.

बायकोला मी सांगितलं की सकाळी फिरायला जातो आणि परस्पर ऑफिस गाठतो. खरं का सांगितलं नाही? लाज वाटली. जिने माझ्यासाठी धुतलेले कपडे दिवसभर पुन्हा पुन्हा धुतले, तिला कसं सांगणार की बाई, मला झोपायला तुझं घर चालत नाही, परिवहनाची बस लागते.

पण शहर मोठं असलं तरी मास्तरांची नजर त्याहून मोठी. त्यांनी मला डबा घेऊन, ऑफिसला पाठ दाखवून बसमध्ये चढताना पाहिलं. एकदा नाही, रोज. मग ते शहानिशा करायला आमच्या ऑफिसच्या खिडकीतून डोकावले, तर मी नेमका चहाला गेलेलो, खुर्ची रिकामी. झालं. त्यांनी ताळा जमवला: व्हॉल्व्हच्या तक्रारीमुळे माझी नोकरी गेली आहे, आणि घरी सांगायची हिंमत होत नाही म्हणून मी बिचारा दिवसभर बसने फिरत असतो. तक्रार आपणच केली या विचाराने म्हाताऱ्याचा जीव कळवळला. त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही असं बजावून सगळ्यांना सांगितली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की बिल्डिंग अचानक फार प्रेमळ झाली आहे. सेक्रेटरी जिन्यात भेटले की माझ्या खांद्यावर हात ठेवून काही न बोलता उभे राहायचे. मास्तर म्हणाले, "कुठलंही काम हलकं नसतं. आपल्या टाकीवर देखरेखीला विश्वासू माणूस हवाय, विचार करा." पाणी खात्यातल्या माणसाला गच्चीवरच्या टाकीवर राखण करायला सांगणं म्हणजे हद्द झाली. मी ताडकन उत्तर देणार होतो, पण सकाळीच छान झोप झाली होती, रागच येईना. वर सोसायटीत आणखी एक पाठभेद निघाला होता. रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या एक नर्सबाई माझ्या शेजारी बसायच्या आणि त्याही बसल्याबसल्या झोपायच्या. आम्हा दोघांना एकमेकांवर कलून झोपलेलं कुणीतरी पाहिलं होतं. नोकरी गेलेला माणूस आणि परस्त्री, असं दुहेरी कथानक माझ्या नकळत पुढे सरकत होतं.

घरात बायकोने फक्त दूध कमी केलं. "अहो, दोन माणसांना एवढं कशाला," ती म्हणाली. मग घरात मापाचे लांबच लांब पडदे येऊन पडू लागले. कोपऱ्यावरच्या पडदेवाल्याकडून ती कडा शिवायचं काम आणत होती. "बसल्याबसल्या हाताला चाळा," असं म्हणाली. मला वाटलं, बरं झालं, हिचं मन रमतंय. नवऱ्यांना असंच वाटत असतं. अधूनमधून ती विचारायची, "आज ऑफिसात फार काम होतं का?" मी म्हणायचो, "होतं की." ती माझ्याकडे बघत राहायची, आणि मग पुन्हा मान खाली घालून शिवायला लागायची.

तो बुधवार उजाडला. मोठे साहेब यायचे म्हणून मी ठेवणीतला शर्ट घातला आणि आज तर झोप हवीच म्हणून नेहमीची बस पकडली. समुद्र त्या दिवशी फार शांत होता. पाणी घोट्यापर्यंत यायचं, जायचं. शेजारून कुणीतरी चालत होतं, त्याच्याकडे मी पाहिलं नाही, पण पावलं ओळखीची वाटत होती. शेवटच्या स्टॉपवर बसचा आचका बसला आणि मी जागा झालो. माझं डोकं शेजारच्या खांद्यावर होतं.

"माफ करा हं, नर्सबाई," मी म्हणालो.

"असू दे," बायको म्हणाली.

ती पदर खोचून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. मागच्या दाराने चढली होती, आणि नर्सबाई मधल्या स्टॉपवर उतरल्यावर त्यांच्या जागेवर येऊन बसली होती. ड्रायव्हर आणि कंडक्टर चहाला गेले. रिकाम्या बसमध्ये आम्ही दोघंच. बाहेर हलकं धुकं होतं आणि समोरचं मोकळं मैदान पांढरं दिसत होतं.

"नोकरी गेली ना तुमची?" ती पर्सकडे बघत म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सगळ्यांनी."

"अगं, नोकरी आहे. आज तर मोठे साहेब यायचेत."

"मग रोज इथे येऊन काय करता?"

"झोपतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. समुद्र, वाळू, पासाची खिडकी, किरकोळ प्रवासी, सगळं. ती आधी हसली, मग हसता हसता तिचे डोळे वाहू लागले आणि ती काही केल्या थांबेना.

"अहो, मी दूध कमी केलं," ती म्हणाली. "त्या पडद्यांना टाके घालून घालून बोटांची चाळण झालीय माझ्या. मला वाटलं, कळूच द्यायचं नाही तुम्हाला मला कळलंय ते. कुठे दुखावले गेलात तर."

"मला वाटलं तुला आवड लागली."

"पडद्यांची?"

तिची बोटं मी हातात घेतली. खरंच टोचून टोचून खरखरीत झाली होती. मला शरम वाटली आणि त्याच वेळी बरंही वाटलं.

"आणि तुम्हाला वाटतं तुम्हीच जागे होतात," ती म्हणाली. "तुम्ही कूस बदलली की मी जागी. बदली झाल्यापासून मला तरी कुठे झोप आहे? आधी तुम्ही झोपत नव्हता म्हणून, मग नोकरी गेली म्हणून."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका गादीवर दोन माणसं जागी होती आणि मी एकाच माणसाची काळजी करत होतो. मी उठलो आणि तिला खिडकीशी बसायला सांगितलं. ती नको नको म्हणत सरकली. ड्रायव्हर परत आला, बस निघाली. "हा रस्ता कधी पाहिलाच नव्हता मी," ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं जाता, पण मी कधी..." आणि वाक्य तिथेच राहिलं. दुसरं वळणसुद्धा आलं नव्हतं. तिची मान माझ्या खांद्यावर आली.

मग मला पहिल्यांदाच जागं राहून तो रस्ता पाहावा लागला. एक तळं होतं, त्यावर धुकं तरंगत होतं आणि बदकं त्या धुक्यात शिरत होती. रोपवाटिकेत एक माणूस ओळीने रोपांना पाणी घालत होता. एका छोट्याशा सलूनमध्ये एकच खुर्ची होती आणि तिच्यात न्हावीच बसून उन्हाकडे बघत होता. टेकडीवरची पाण्याची टाकी दिसली. तिच्याबद्दलच्या तक्रारी मी वर्षानुवर्षं लिहून घेतल्या होत्या, पण ती इतकी उंच आणि देखणी असेल असं मला वाटलं नव्हतं. प्रत्येक गतिरोधकाला मी श्वास रोखून बायकोकडे बघायचो. ती जागी व्हायची नाही, फक्त झोपेत जरा हसल्यासारखी करायची. ती कुठे पोचली होती कोण जाणे. माझा खांदा बधिर झाला, मुंग्या आल्या, पण मला तो हलवायचा नव्हता.

बस डेपोत येऊन थांबली. समोर आमचं ऑफिस. दारात आमचे साहेब घड्याळ बघत येरझारा घालत होते. फाटकातून मोठ्या साहेबांची गाडी आत वळत होती. फुटपाथवर मास्तर पेपर घेऊन उभे होते. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या खांद्यावर कोण आहे ते पाहिलं, आणि त्यांचा पेपर हळूहळू खाली आला. सगळे उतरले. मी उठायला हवं होतं. उठलो असतो तर नोकरी वाचली असती, डाग पुसला गेला असता. पण त्यासाठी तिला उठवावं लागलं असतं, आणि बदली झाल्यापासून ती आत्ता कुठे झोपली होती.

"काका, शेवटचा स्टॉप," कंडक्टर म्हणाला. "उतरा."

"हळू बोला," मी म्हणालो. "आम्हाला परत जायचंय."

"कुठे?"

"कुठेच नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पास होता, त्याने तिच्यापुरतं एक तिकीट फाडून अलगद माझ्या खिशात सरकवलं. पलीकडून साहेब मला हातवारे करून बोलावत होते. मी मोकळा हात वर करून त्यांना नमस्कार केला. नवे प्रवासी चढले, आणि काय समजायचं ते समजून पाऊल न वाजवता जाऊन बसले. निघायची वेळ झाली तेव्हा कंडक्टरने घंटेच्या दोरीकडे हात नेला, आमच्याकडे बघून तो मागे घेतला, आणि पुढे जाऊन ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाला, "चल."